पेस्ट कंट्रोल : हातातल्या पंपापासून नावावरच्या परवान्यापर्यंत

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्यवसाय मार्गदर्शन कार्यक्रमातील भाषण)



वर्धापन दिनाला मार्गदर्शन करण्यासाठी आपल्याकडे डॉक्टर येतात, वकील येतात, बँकेतले अधिकारी येतात. ते आलेच पाहिजेत. आपली मुलं तिथवर गेली पाहिजेत, यात दुमत नाही. पण ज्याला बारावीला पंचावन्न टक्के पडले, किंवा जो बी.एस्सी. होऊन दोन वर्षं नाक्यावर उभा आहे, त्यानं काय करायचं, हे सांगायला कुणी येत नाही. म्हणून कमिटीने यंदा आम्हाला बोलावले. आमचा धंदा म्हणजे झुरळं, ढेकूण, उंदीर, डास आणि वाळवी. पेस्ट कंट्रोल. आमची उमेदीची सगळी वर्षं याच कामात गेली. हेल्पर म्हणून लागलो, ऑपरेटर झालो, सुपरवायझर झालो आणि पुढे स्वतःचं छोटं काम उभं केलं. तेव्हा जे बोलणार ते केलेल्या कामातलं बोलणार.

आधी एक अवघड गोष्ट बोलून टाकू. आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं आज या धंद्यात आहेत. विचारलं तर म्हणतात, "कंपनीत आहे." कसली कंपनी, ते सांगत नाहीत. लग्नाच्या बैठकीत तर कामाचं नावच निघत नाही. आईलाही शेजारणीला सांगायला संकोच वाटतो. का वाटतो? कारण घाणीचं काम पिढ्यान् पिढ्या आपल्याच माथी मारलं गेलं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिलं की जातीनं नुसती कामं वाटलेली नाहीत, तर काम करणारी माणसंच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंडली. हे ज्यांनी वाचलं आहे त्यांच्या मनात प्रश्न येणारच, की झाडू सुटला, टोपली सुटली, आता पुन्हा दुसऱ्याच्या मोरीतली झुरळं मारायला आमचीच पोरं का?

हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं आहे की या धंद्यात दोन वाटा आहेत. एका वाटेनं गेलात तर जन्मभर पाठीवर पंप, अंगाला विषाचा वास आणि हातात रोजंदारी. दुसऱ्या वाटेनं गेलात तर हा शास्त्राचा धंदा आहे, परवान्याचा धंदा आहे, आणि त्यात माणूस मालक होऊ शकतो. दोन्ही वाटांवरचा किडा तोच, औषध तेच. फरक आहे तो शिक्षणाचा. औषधाचं नाव, त्याचं प्रमाण, त्याचा कायदा आणि त्याचा उतारा ज्याला ठाऊक आहे तो वर चढतो. बाकीचे खालीच राहतात. एवढंच सांगायला आम्ही उभे आहोत. आता ते तपशिलानं सांगतो.

हे काम मुंबईत नवं नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. पुढच्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं निधन झालं. तोपर्यंत हा रोग कशानं पसरतो ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते. त्याच्या एक वर्ष आधी, ऑगस्ट १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला होता. म्हणजे उंदीर आणि डास यांचा बंदोबस्त हा आरोग्याचा पाया आहे, हे आपल्याच देशात सिद्ध झालं.

त्या प्लेगमुळेच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं चाळी बांधल्या. परळच्या ज्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब अनेक वर्षं राहिले, ती चाळ याच ट्रस्टची. तेव्हा उंदराचा आणि आपल्या इतिहासाचा संबंध वाटतो तितका लांबचा नाही. मुंबई महापालिकेत आजही कीटकनाशक विभाग आहे. डासांच्या अळ्या शोधणारे, रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार या शहराच्या आरोग्याची राखण करतात. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा साऱ्या देशाला धडकी भरली. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसनं माणसं दगावली. हा रोग उंदराच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होतो. अशा वेळी उंदीर मारणाऱ्याला कुणी हसत नाही. त्याला बोलावणी जातात.

आता खाजगी धंद्याचं बघू. मुंबईत १९५४ साली पेस्ट कंट्रोल इंडिया ही कंपनी सुरू झाली आणि हा व्यवसाय देशभर पसरला. २०१७ साली तिच्याशी रेंटोकिल या ब्रिटिश कंपनीनं भागीदारी केली. जगातल्या मोठ्या कंपन्या इथं येतात त्या उगाच नव्हेत. काम कुठं कुठं वाढलं, ते मोजून पाहा.

पहिलं काम घराघरांतलं. सोसायट्या वाढल्या, फ्लॅट वाढले, वार्षिक करार आले. दुसरं काम खाण्यापिण्याच्या धंद्यातलं. २००६ साली अन्न सुरक्षा आणि मानके कायदा झाला, २०११ साली त्याचे परवान्याचे नियम आले. त्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेबरोबर कीड नियंत्रणाचीही अट आहे. म्हणजे हॉटेल, बेकरी, कँटीन, मिठाईचा कारखाना, धान्याचं गोदाम, यांना हे काम करून घ्यावंच लागतं आणि त्याची नोंद ठेवावी लागते. तिसरं काम औषधांच्या कारखान्यांतलं. तारापूर, अंबरनाथ, तळोजा इकडच्या कारखान्यांत गोळ्या बनतात तिथं एक माशी आत गेली तरी चालत नाही. चौथं काम बांधकामावरचं. पाया भरताना जमिनीत वाळवीचं औषध द्यावं लागतं. आणि पाचवं काम बंदरावरचं. न्हावा-शेवाहून परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेट्या आणि पॅलेट ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवाव्या लागतात, किंवा त्यांना विषारी वायूची धुरी द्यावी लागते. त्यावर शिक्का बसल्याशिवाय माल पुढे जात नाही. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या शिक्क्यामागेही आमच्याच धंद्यातला माणूस असतो.

काम वाढलं तसं कामाचं स्वरूपही बदललं. आम्ही लागलो तेव्हा घरात फवारणी म्हटली की बाईनं आदल्या रात्री सगळी भांडी बाहेर काढायची, आम्ही पंपानं सगळं स्वयंपाकघर भिजवायचं, आणि मंडळींनी दिवसभर गॅलरीत बसायचं. वास आठवडाभर जायचा नाही. आता झुरळासाठी जेल आलं. मसुराच्या दाण्याएवढा ठिपका बिजागरीच्या मागे, ओट्याच्या खाली, फ्रिजच्या रबराजवळ लावायचा. झुरळ ते खातं, आपल्या फटीत जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि त्याचं कलेवर बाकीची झुरळं खातात आणि तीही मरतात. पण ठिपका कुठं लावायचा, हे झुरळाची सवय माहीत असल्याशिवाय कळत नाही. लहान तपकिरी झुरळ स्वयंपाकघरात उबेला राहतं, मोठं लाल झुरळ गटारातून वर येतं. लहान झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पिल्लं निघेपर्यंत पाठीमागे घेऊन फिरते. म्हणून एकदा काम करून भागत नाही, पुन्हा यावं लागतं. आणि जेल लावलेल्या जागेवर कुणी फवारा मारला तर झुरळ त्या जेलकडे फिरकतच नाही. नुसता पंप मारणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं.

वाळवीचं उदाहरण घ्या. त्याचं भारतीय मानक आहे, आय.एस. ६३१३. बांधकामाच्या वेळी जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर पातळ केलेलं औषध द्यायचं. तयार घरात भिंत आणि फरशी जिथं मिळते तिथं ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि त्यांत औषध सोडायचं. आता विद्यार्थ्यांनी गणित करावं. जोत्यावर दहा बाय बाराची खोली येणार आहे. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. दर मीटरला ५ लिटर, म्हणजे ५५ लिटर मिश्रण लागलं. डब्यातलं औषध २० टक्के तीव्रतेचं आहे आणि वापरायचं आहे १ टक्क्यानं. म्हणजे १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. तेव्हा ५५ लिटरला मूळ औषध किती? पावणेतीन लिटर. हे गणित सातवीच्या पुस्तकातलं आहे. पण साइटवर ज्याला ते येतं तो सुपरवायझर होतो, आणि ज्याला येत नाही त्याला ठेकेदार अर्धा लिटर औषध देऊन सगळी इमारत उरकायला लावतो.

आता पायऱ्या सांगतो. दहावी किंवा बारावी झालेला मुलगा हेल्पर म्हणून लागतो. वर्ष-दीड वर्षात हात बसला, मोबाईलवर सर्व्हिस रिपोर्ट भरता आला, गिऱ्हाइकाशी नीट बोलता आलं, की तो ऑपरेटर होतो. पुढे सुपरवायझर. तिथून तीन फाटे फुटतात. एक शाखा सांभाळणाऱ्या मॅनेजरचा, दुसरा सोसायट्या आणि कारखान्यांचे करार आणणाऱ्या विक्रीचा, तिसरा तांत्रिक बाजूचा, म्हणजे तपासणी, नोंदी आणि प्रशिक्षण यांचा. तिसऱ्या फाट्यावर प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा शेतकी शिकलेल्या मुलांची गरज असते. आपले बी.एस्सी. झालेले किती तरी तरुण प्रयोगशाळेतली नोकरी मिळत नाही म्हणून कुरिअरची पाकिटं वाटतात. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

आणि मुख्य गोष्ट परवान्याची. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे त्याचे नियम आहेत. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलसाठी राज्याच्या कृषी खात्याकडून परवाना लागतो. त्यासाठी शेतकीची पदवी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी, आणि मान्यताप्राप्त संस्थेचं किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण धरलं जातं. असं प्रशिक्षण हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मिळतं. निर्यातीच्या धुरीसाठी केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण खात्याची वेगळी मान्यता लागते. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्जाआधी कृषी कार्यालयात जाऊन चालू नियम विचारावा. पण मुद्दा ध्यानात घ्या. पदवी अधिक पंधरा दिवस. आपल्या बी.एस्सी. झालेल्या मुलाला मालकीचा दरवाजा उघडायला एवढंच कमी पडतं. आणि आज ज्यांच्याकडे आपली मुलं राबतात त्या कित्येक ठिकाणी परवाना मालकाच्या नावावर आणि धोका मुलाच्या अंगावर असतो.

धोक्याचं बोलू. हे बोलल्याशिवाय आम्ही कुणालाही या धंद्यात या म्हणणार नाही.

आमच्या सुरुवातीच्या दिवसांत एका ठेकेदाराकडे आम्ही काम करीत होतो. हातमोजे नव्हते, मास्क म्हणून रुमाल. औषध साध्या पाण्याच्या बाटलीत ओतून मिळायचं. एका बंद गोदामात ढेकणांची फवारणी चालू असताना आमचा एक जोडीदार घामाघूम झाला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. आम्ही त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं?" आम्ही तिघं होतो, तिघांनाही सांगता येईना. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. ठेकेदार फोन उचलत नव्हता. त्या डॉक्टरांनी लक्षणं बघून ओळखलं आणि ॲट्रोपिन दिलं, म्हणून तो वाचला. त्या दिवशी आम्हाला कळलं की ज्या विषानं आपण पोट भरतो त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

म्हणून तरुणांनो, नीट ऐका. औषधाच्या प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. त्रिकोण नसलेला, चिठ्ठी नसलेला डबा हातात घ्यायचा नाही. सेंद्रिय फॉस्फरस जातीच्या औषधाला ॲट्रोपिन हा उतारा आहे. उंदरांच्या ब्रोमॅडिओलोन या औषधानं रक्त गोठत नाही, त्यावर उतारा के-१ जीवनसत्त्वाचा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन वायू सोडतात, आणि त्याला उताराच नाही. इथं बसलेल्या माता-भगिनींनाही हात जोडून सांगतो, की त्या गोळ्या ढेकणांसाठी किंवा डब्यातल्या धान्यासाठी राहत्या घरात कधीही आणू नका. भिंतीच्या फटीतून तो वायू शेजारच्या खोलीत जातो. झोपलेली माणसं त्यानं गेलेली आहेत.

कायदा कामगाराच्या बाजूनं आहे, पण तो वाचावा लागतो. १९७१ च्या नियमांत लिहिलं आहे की कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगाराला संरक्षक कपडे आणि श्वसनाचं साधन दिलं पाहिजे, प्रशिक्षण दिलं पाहिजे, त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट जातीचं औषध हाताळणाऱ्याच्या रक्ताची ठराविक तपासणी दर महिन्याला झाली पाहिजे. किती मालक करतात? मागणारा नसेल तर कुणी करत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. त्यांच्याही अंगावर साधं संरक्षण नव्हतं. दर काही वर्षांनी औषधंही बदलतात. वाळवीला पूर्वी आल्ड्रिन आणि क्लोर्डेन वापरीत, ती बंद झाली. झुरळांसाठी घरोघर वापरलेलं डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झालं. कुणी आजही ते आणून देत असेल तर तो गुन्हा करतो आहे आणि बळी तुम्ही आहात. तेव्हा नोकरीला लागताना पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारा. मास्क कोणता देता? औषधाची यादी दाखवता का? प्रॉव्हिडंट फंड आणि ई.एस.आय. कापता का? वीस कामगार असले की फंड लागू होतो, दहा असले की ई.एस.आय.

आता एक प्रश्न, जो आम्हाला याच विहारात एका वृद्ध उपासिकेनं विचारला होता. "दादा, दर रविवारी तुम्ही आमच्याबरोबर पंचशील म्हणता. पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. मग सोमवारी हे काम कसं करता?" त्याच्यापुढेही जाऊन सांगायचं तर, उपासकानं विषाचा व्यापार करू नये असं अंगुत्तर निकायात सांगितलेलं आहे. हा प्रश्न टाळून आम्ही इथं बोलू शकत नाही.

आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलेला आहे, आणि तत्त्व वेगळं, नियम वेगळा हेही समजावलं आहे. लेप्टोनं पोर दगावू नये म्हणून उंदरांचा बंदोबस्त करणं, डेंग्यू पसरू नये म्हणून डासांच्या अळ्या नष्ट करणं, ही गरज आहे असं आम्ही मानतो. पण 'गरज' या शब्दाखाली काहीही खपवता येणार नाही. म्हणून आम्ही कामाचा क्रम ठरवून घेतला. आधी बंदोबस्त, मग सफाई, मग सापळा, आणि विष सगळ्यात शेवटी. दाराखालची फट बुजवली, पाइपभोवतीचं भोक सिमेंटनं भरलं, कचऱ्याचा डबा झाकला, तर निम्मे उंदीर घरात येतच नाहीत. एवढंसं उंदराचं पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतून आत येतं, हे किती जणांना ठाऊक आहे? डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पिंप, कुंडीची बशी आणि फ्रिजमागचा ट्रे कोरडा केला तर धूर मारायची वेळच येत नाही.

आजच्या शास्त्राचं म्हणणंही हेच आहे. त्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. मोठे कारखाने आता महिन्याला किती लिटर औषध मारलं हे विचारत नाहीत. कीड कुठून आली आणि ती पुन्हा येऊ नये म्हणून काय केलंत, हे विचारतात. म्हणजे कमी मारणारा माणूस आज जास्त कुशल मानला जातो. तरीही एखाद्या उपासकाच्या मनाला हे काम पटत नसेल, तर त्याचा आम्ही मान राखतो. त्यानं दुसरं काम निवडावं. पण हे काम करणाऱ्याला हिणवू नये.

आता स्वतःच्या व्यवसायाबद्दल. या धंद्याला मोठं दुकान लागत नाही, यंत्रसामग्री थोडी लागते. लागतो तो परवाना, औषध ठेवायला कुलुपाची वेगळी जागा, दोन विश्वासू माणसं आणि चोख नोंदवही. भांडवलासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी करून घ्या. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी राखीव वाटा आहे आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. रेल्वे, बंदर, विमा कंपन्या, सरकारी बँका, या सगळ्यांना पेस्ट कंट्रोल लागतं आणि त्यांची टेंडरं निघतात. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या घटनादुरुस्ती आदेशाच्या कायद्यानंतर मिळू लागल्या. त्यासाठी किती लढा द्यावा लागला हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तो हक्क कपाटात ठेवण्यासाठी नाही. जातीचा दाखला आणि वैधता यांची कागदपत्रं आधी पुरी करा, कारण टेंडरच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

एक सावधगिरी. काम मिळावं म्हणून दर पाडू नका. दर पाडला की औषध पातळ करावं लागतं, औषध पातळ केलं की कीड मरत नाही, आणि उरलेली कीड त्या औषधाला दाद देईनाशी होते. मग गिऱ्हाईक जातं, नाव जातं. आमच्या अनुभवात खरं बोलणाऱ्याचा धंदा हळू वाढतो, पण टिकतो. "ढेकूण एका भेटीत जाणार नाहीत, दोन-तीन भेटी लागतील, गादी उन्हात टाकावी लागेल," असं आधीच सांगणाऱ्याला लोक पुढच्या वर्षीही बोलावतात.

मुलींविषयी खास सांगतो. दुपारी घरात बाई एकटी असते, तिला अनोळखी पुरुषाला स्वयंपाकघरात आणि बेडरूममध्ये न्यायला संकोच वाटतो. जेल लावणं, तपासणी करणं, नोंद ठेवणं, गिऱ्हाइकाला समजावणं, यांपैकी कशालाही पुरुषाचा जोर लागत नाही. विज्ञान शिकलेल्या मुलींनी तांत्रिक बाजू आणि अन्नकारखान्यांचं ऑडिट यांकडे जरूर बघावं. आपल्या महिला मंडळाच्या बचत गटानं चार जणींचा संच केला, तर वस्तीच्या आसपासच्या सोसायट्यांचं काम मिळवणं अशक्य नाही. मात्र गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या भगिनीनं औषध हाताळू नये, हा नियम पाळावा.

शेवटी, उद्यापासून काय करायचं ते सांगतो. जे मुलगे आज या कामात आहेत त्यांनी एक वही करावी. रोज कुठं काम केलं, औषधाचं नाव काय, प्रमाण किती, त्रिकोण कोणत्या रंगाचा, उतारा काय, एवढं लिहावं. सहा महिन्यांत ती वही तुमचं पाठ्यपुस्तक होईल. जे बारावीत आहेत त्यांनी शक्य असल्यास रसायनशास्त्र सोडू नये. नोकरी करता करता पदवी पुरी करणं जड जातं, पण परवाना हवा तर पदवी लागते. आणि जे बी.एस्सी. होऊन बसले आहेत त्यांनी या महिन्यात प्रमाणपत्रं घेऊन आम्हाला भेटावं. दर रविवारी बुद्धवंदनेनंतर आम्ही तासभर विहारातच बसू. अर्ज कसा लिहायचा, प्रशिक्षणाला नाव कसं घालायचं, ते बरोबर बसून करू. त्याची फी नाही.

आई-वडिलांना एकच विनंती. मुलगा या धंद्यात असेल तर शेजाऱ्यांना त्याचं नाव घेऊन सांगा की तो पेस्ट कंट्रोलमध्ये आहे. आणि संध्याकाळी तो घरी आला की त्याला विचारा, "आज कोणतं औषध होतं? मास्क लावला होतास का?" हे दोन प्रश्न रोज विचारले गेले तर पुष्कळ पोरं वाचतील.



नमो बुद्धाय! जय भीम!